अकराशे सेहेचाळीस नंबरचं कार्ड

१. रिकामी फट

आमच्या पिंप्राळ्यात चोऱ्या होतात त्या स्कूटरच्या, पाण्याच्या मोटारीच्या, फार तर गच्चीवर वाळत घातलेल्या बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या. एक इंग्रजी विशेषण चोरीला गेल्याचं मी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, चार दिवस आधी पहिल्यांदाच ऐकलं, आणि चोरीच्या जागी सगळ्यात आधी पोहोचलेली बाई मीच होते.

मी मोनाली. चौकात माझं झेरॉक्स आणि डीटीपीचं दुकान आहे. गिरधर सरांनी मला आठवी ते दहावी इंग्रजी शिकवलं. सर आता शहात्तर वर्षांचे आहेत. मराठी शाळेतल्या पोरांना इंग्रजी शब्दांची भीती वाटते म्हणून सरांनी एकेका शब्दाची कुळकथा लिहायला घेतली. कुठला शब्द कुठून आला, वाटेत त्याला काय झालं, हे सोप्या मराठीत. एका शब्दाला एक कार्ड, आणि सगळी कार्डं ए टू झेड अशी बुटांच्या खोक्यांत उभी लावलेली. त्यांची नंबरवार यादी एका रजिस्टरमध्ये.

कार्डं म्हणजे विकत आणलेली नव्हेत. सरांकडे येणारी प्रत्येक लग्नपत्रिका ते जपून ठेवत आणि कोऱ्या बाजूवर लिहीत. पत्रिका आडवी ठेवायची, पट्टी लावायची, कात्रीनं दोन तुकडे करायचे, की झाली दोन कार्डं. त्यातही एक गंमत होती. रंगाचं विशेषण असेल तर ते त्याच रंगाच्या पत्रिकेवर लिहायचं. गडद लाल 'क्रिमसन' लाल पत्रिकेवर, जांभळा 'पर्पल' जांभळ्या पत्रिकेवर. आम्हा पोरांना अर्थ सांगावा लागत नसे, कार्ड बघितलं की कळायचं.

या कार्डांचं पुस्तक करायचं मी मनावर घेतलं होतं. बुधवारी सकाळी 'एस'चं खोकं न्यायला गेले, तर सर खोक्यापुढे बसलेले आणि त्यांचा चेहरा उतरलेला.

"अकराशे सेहेचाळीस नाही," ते म्हणाले. "सॅमन. विशेषण."

सॅमन हा थंड समुद्रातला मासा. तो सरांनी खाल्ला तर नव्हताच, तापीकाठच्या बाजारातही कधी पाहिला नव्हता. पण त्या माशावरून इंग्रजीत एका रंगाला नाव पडलं, गुलाबी आणि केशरी यांच्या मधला रंग. सरांनी त्याचं कार्ड लिहिलं होतं. म्हणजे ते तसं म्हणत होते.

"पप्पा, लिहिलंच नसेल तुम्ही," मागून आवाज आला. हा ललितभाऊ, सरांचा एकुलता एक मुलगा. पुण्याला असतो, आखाजीसाठी आला होता. "रजिस्टरमध्ये नाव आहे आणि कार्ड नाही, असं आधी दोनदा झालंय. गेल्या महिन्यात गॅस चालू ठेवून फिरायला गेलात. परवा गल्ली चुकलात."

"गॅस विसरेन. कार्ड नाही विसरणार," सर म्हणाले.

ललितभाऊ वाईट माणूस नाही. काळजीनंच बोलत होता, पण काळजीच्या माणसाचा आवाज कधीकधी फार चढा लागतो. तो म्हणाला, "ठीक आहे. आखाजीपर्यंत कार्ड सापडलं, तर मी पुण्याचा विषय पुन्हा काढणार नाही. नाही सापडलं, तर तुम्ही दोघं माझ्यासोबत चला, हे घर बंद. कबूल?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "कबूल."

शब्द एक होता, पण त्यावर एका माणसाची अक्कल शाबूत आहे की नाही हे ठरणार होतं.

२. निवृत्त पोस्टमन

आमच्या भागात कोणाचं काही हरवलं की लोक पोलिसांकडे जायच्या आधी लोटननानांकडे जातात. नाना निवृत्त पोस्टमन. वय सत्तर. अर्धवट पत्त्यावरून माणूस शोधणं हा चाळीस वर्षांचा धंदा, त्यामुळे डोकं अजून त्याच वाटेनं चालतं. रोज दहा वाजता माझ्या दुकानात पेपर वाचायला येतात आणि माझ्या पैशानं चहा पितात. त्या दिवशी मी चहाबरोबर हकिगतही दिली.

"पहिलं मला सांग," नाना म्हणाले, "या कार्डाची बोलणी अलीकडे कधी झाली? आणि कोणापुढे?"

"रविवारी. सरांकडे चहाला सगळे होतो. मी, ललितभाऊ, प्राध्यापक हितेंद्र, अक्का. बेबाबाई चहा देत होत्या."

अक्का म्हणजे सरांची बायको, झुंबरअक्का. बेबाबाई घरकामाला येतात. हितेंद्र कॉलेजात इंग्रजी शिकवतो आणि सरांचा प्रत्येक शब्द तपासून घेणं हे आपलं जन्मकर्तव्य समजतो.

"काय बोलणं झालं?"

मी आठवून सांगितलं. हितेंद्रनं विषय काढला होता. सॅमन शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधलं 'उडी मारणं' आहे असं सर वर्गात सांगायचे, त्याला पुरावा नाही, असं त्याचं म्हणणं. सर म्हणाले, पुरावा नाही हे मी कार्डावर स्पष्ट लिहिलंय, पुस्तकात बघा. मग मी माझी कल्पना सांगितली, की कार्डाच्या दोन्ही बाजू छापू या. पुढे शब्द, मागे पत्रिका. चाळीस वर्षांतल्या खानदेशी लग्नांचाच इतिहास होईल.

"मग?"

"सगळ्यांना आवडलं. अक्का तेवढ्या म्हणाल्या, लोकांच्या लग्नांचं काय घेऊन बसलीस. मी म्हटलं, अक्का, तुमच्या लग्नाची पत्रिका द्या, ती मुखपृष्ठावर घेते. तर म्हणाल्या, आमची पत्रिकाच नव्हती, घाईत उरकलं. आणि कप उचलून आत गेल्या. माझा चहा अर्धा राहिला होता, नाना."

"तुझ्या चहाचं राहू दे," नाना म्हणाले. "चल, खोकी बघू."

३. तीन उलटी कार्डं

नानांनी खोक्यांना हात लावायच्या आधी बराच वेळ नुसतं वरून पाहिलं. वरून फक्त कार्डांच्या कडा दिसतात, पिवळ्या, गुलाबी, हिरव्या. 'एस'च्या खोक्यात जिथे सॅमन असायला हवं, तिथे त्यांनी बोट घातलं.

"किती घट्ट भरलंय बघ. एक कार्ड काढलं तर एवढी फट पडायला नको. माझं बोट सहज जातंय."

"मग दोन कार्डं गेली?"

"रजिस्टरप्रमाणे एकच गेलंय. म्हणजे ते जाड होतं." त्यांनी एवढंच सांगितलं आणि मला बाकीची खोकी तपासायला बसवलं.

माझे डोळे दुखायला आले तेव्हा एक गोष्ट सापडली. तीन कार्डं उलटी खोचलेली होती, पत्रिकेची छापील बाजू पुढे करून. सर असं कधीच ठेवत नाहीत. पहिलं होतं 'ए'च्या खोक्यात, जर्दाळूच्या रंगाचं. दुसरं 'सी'मध्ये, पोवळ्याच्या रंगाचं. तिसरं 'पी'मध्ये, पीच फळाच्या रंगाचं.

"कोणीतरी खोकी उचकलीत हे नक्की," मी म्हटलं. "पण ए, सी आणि पीमध्ये एस कशाला शोधेल?"

नानांनी तीनही कार्डं खिडकीत शेजारी शेजारी धरली. गाजराचा कीस असतो ना, जवळजवळ तो रंग. एकाची छटा कमी, एकाची जास्त.

"हितेंद्रला हे कार्ड हवं असतं तर त्यानं काय केलं असतं?"

"सरळ एसचं खोकं."

"ललित?"

"त्यालाही ए बी सी डी येतेच की."

"मग हा चोर अक्षरांनी शोधत नव्हता. रंगानं शोधत होता. वरून कडा बघायची, गाजरी दिसली की काढायची, पत्रिका बघायची, ती नव्हे म्हणून परत ठेवायची. चौथ्यांदा मिळाली." नाना थांबले. "त्याला मासा नको होता, मोनाली. मागची बाजू हवी होती."

मी गारच पडले. आम्ही सगळे त्याला माशाचं कार्ड म्हणत होतो आणि मासा डोक्यात धरूनच विचार करत होतो. तो रंगाचा शब्द आहे, म्हणजे तो त्याच रंगाच्या पत्रिकेवर लिहिलेला असणार, ही सरांची रीत मला तेरा वर्षांची असल्यापासून ठाऊक होती. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणतात; मी स्वतःच्याच डोक्यावर मारून घेतलं.

४. जबाब

नाना जबाब घेतात ते पत्र द्यायला आल्यासारखे. उंबऱ्यावर उभं राहायचं, पाणी मागायचं, दोन शब्द बोलायचे.

हितेंद्र म्हणाला, "मी सोमवारी कार्ड मागायला गेलो होतो, नाकारत नाही. सरांनी दिलं नाही. पण मी चोरी कशाला करू? सरांनी खरंच 'पुरावा नाही' असं लिहिलं असेल तर माझंच म्हणणं सिद्ध होतं." बोलताना तो चिडला, मग जरा वरमला. "नाना, सरांचं डोकं ठीक आहे ना? भांडायला दुसरं कोणी नाही हो मला या गावात."

बेबाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "माह्यावर आळ नका घेऊ नाना. खोक्यायच्या खोलीत मी झाडू मारते फक्त. आन् या सोमवारी तर तेबी नाही. अक्का म्हने, आज राहू दे, मी झाडते. गुडघे दुखता त्यायचे, तरी झाडलं."

ललितभाऊनं तर नानांनाच सुनावलं. "तुम्ही त्यांना आशा लावू नका. कार्ड सापडलं नाही की जास्त त्रास होईल."

शेवटी सर. नाना त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. सर आमच्यावर खूश होते. म्हणाले, "हितेंद्रनंच नेलं असणार. विद्वान माणसाला दुसऱ्याच्या तळटीपा बघवत नाहीत."

"सर, कोणीतरी खोकी उचकलीत, तुमचं म्हणणं खरं आहे," नाना म्हणाले. "आम्हाला तीन कार्डं उलटी सापडली. जर्दाळू, पोवळं आणि पीच."

सरांचा कप ओठांपर्यंत गेला होता, तिथेच राहिला. त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. आत अक्का डाळ निवडत होत्या, ताटात डाळ फिरवल्याचा आवाज येत होता. सरांनी कप खाली ठेवला.

"लोटनराव," ते हळू म्हणाले, "माझंच चुकलं. मी ते कार्ड लिहिलंच नसेल. विसरलो असेन."

"सर!" मी ओरडलेच. "दोन दिवस तुम्ही छाती ठोकून सांगताय..."

"वय झालं, मोनाली. ललित बरोबर म्हणतो. जाऊ आम्ही पुण्याला."

मला रडू आलं. मी रस्त्यावर येऊन स्कूटर सुरू केली, ती बंद पडली, परत सुरू केली. नाना मागे बसत म्हणाले, "तू रडू नको. जो माणूस दोन दिवस खात्रीनं बोलतो आणि तिसऱ्या दिवशी एका वाक्यात विसरतो, त्याला खरं तर काहीतरी आठवलेलं असतं."

५. नरडाणा

दुसऱ्या दिवशी आम्ही पॅसेंजरनं नरडाण्याला गेलो. का, हे नानांनी गाडी अमळनेर सोडेपर्यंत सांगितलं नाही. मग म्हणाले, "माझी पहिली नेमणूक नरडाण्याची. तेव्हा पत्रिका पिवळ्या, नाहीतर गुलाबी. गाजरी पत्रिका मी त्या काळात एकाच लग्नाची वाटली. धुळ्याच्या छापखान्यातला गुलाबी कागद संपला होता म्हणे. लोक मला अडवून विचारायचे, हा कसला रंग? म्हणून लक्षात राहिली. नाव आठवत नाही, आखाजीचं लग्न होतं एवढं आठवतं."

"अक्कांचं माहेर नरडाण्याकडचंच ना?" मी विचारलं.

"हो," नाना म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत राहिले.

स्टेशनपासून दोन मैलांवरच्या एका खेड्यात भिकनआबा राहतात. गावातले सगळ्यात जुने, नव्वदीला टेकलेत. दात नाहीत, पण आवाज खणखणीत आहे. ओट्यावर बसून त्यांनी नानांना आधी ओळखलं नाही, मग टपालवाला म्हणून ओळखलं आणि पन्नासेक वर्षांपूर्वी उशिरा दिलेल्या मनीऑर्डरबद्दल शिव्या घातल्या. त्या संपल्यावर नानांनी गाजरी पत्रिकेचं विचारलं.

"ती पत्रिका? तिले कोन इसरस!" आबा म्हणाले. "आखाजीनं लगीन व्हतं. मांडव टाकेल, पोरले हयद लागेल, बठ्ठा गाव जेवाले बसाना बाकी. आन् वरात उनीच नही."

"वरात आलीच नाही? का आबा?" मी विचारलं.

"नवरदेव पळी गया ना सुरतले! तीन तास बठ्ठा गावनी वाट दखी. पोरना बाप मांडवना खांबले धरीसन खाले बसी गया. पोर हयदना अंगवरच कोपरामा बसेल. रडनीबी नही ती." आबांनी उपरण्यानं डोळे पुसले. "मंग एक मास्तर व्हता, पाव्हना म्हनीसन उना व्हता. आपलाच नात्यामधला. तो उभा ऱ्हायना. म्हने, पोर हो म्हनत व्हई ते मी करस लगीन. आधी पोरले इचारा."

"पोरीला विचारा म्हणाला?"

"हाव. त्या टाइमले कोन इचारे पोरले? त्यानी इचारं."

"नाव काय मास्तरचं?" नानांनी विचारलं, जरी आता त्याची गरज नव्हती.

"गिरधर. आन् पोर आमनी झुंबर."

परतीच्या गाडीत मी म्हटलं, "काखेत कळसा आणि गावाला वळसा. कार्ड घरातच आहे."

"घरातच आहे," नाना म्हणाले. "रविवारी तू दोन्ही बाजू छापायचं म्हणालीस आणि त्या माउलीच्या पायाखालची जमीन सरकली. ती पत्रिका सरांच्या ढिगात आहे हे तिला माहीत असणार. त्यावर शब्द कुठला ते माहीत नाही, इंग्रजी येत नाही. म्हणून सोमवारी झाडू घेऊन खोलीत गेली आणि रंगावरून शोधली. लग्नाला अठ्ठेचाळीस वर्षं झाली, पोराला कायम सांगितलंय की पत्रिका नव्हती. आता पुस्तकात तारीख आईबापाच्या लग्नाची, नाव आईचं, आणि नवरदेव भलताच. गावभर दिसलं असतं."

"आणि सर?"

"सरांना तीन रंग ऐकून कळलं कोणी नेली ते. तिचं झाकलेलं उघडं पडू नये म्हणून स्वतःला विसरभोळा म्हणवून घेतलं. घरदार सोडून पुण्याला जायला तयार झाले."

मला दोघांचाही राग आला. इतकं जपायचं एकमेकांना आणि एका शब्दानं बोलायचं नाही?

"पण ललितभाऊला सांगायचं कसं?" मी विचारलं.

"आपण सांगायचं नाही. चाळीस वर्षं लोकांची पत्रं वाटली, एक फोडून वाचलं नाही. ज्याचं पत्र त्याच्या हातात द्यायचं, एवढंच आपलं काम."

६. आखाजी

आखाजीला सरांकडे जेवायला आम्ही दोघं होतो. दारात आंब्याचं तोरण होतं. बेबाबाई सणासाठी घरी गेल्या होत्या आणि अक्का खापरावर पुरणपोळ्या टाकत होत्या. सर आणि ललितभाऊ पुढच्या खोलीत होते. भिंतीशी दोन बॅगा भरून ठेवल्या होत्या.

नाना स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर जाऊन उभे राहिले, पाणी मागितलं. अक्कांनी तांब्या दिला.

"अक्का, एक सांगायचं राहिलं होतं. नरडाण्याला मी पहिल्या वर्षी गाजरी पत्रिका वाटल्या होत्या. घरोघर."

अक्कांचा पोळी उलटायचा हात थांबला. पोळी करपायला लागली तरी थांबलेलाच.

"कोणाला सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"कोणालाच नाही. आम्हा दोघांना ठाऊक आहे. आणि सरांना."

"त्यांना काय ठाऊक?"

"कार्ड कोणी नेलं ते. शुक्रवारपासून ठाऊक आहे. त्यानंतरच ते विसरले, अक्का."

अक्का मटकन पाटावर बसल्या. मी धावत जाऊन गॅस बंद केला. "मला वाटलं, दोन दिवस शोधतील आणि सोडून देतील," त्या म्हणाल्या. "हे पुण्याचं मधे येईल हे काय माहीत? मग तोंड उघडायचं धाडसच होईना. ललितला काय सांगू? तुझ्या आईला टाकून नवरदेव पळाला?" त्या रडायला लागल्या, अगदी आवाज न करता. आबा म्हणाले होते की तेव्हा ती रडली नव्हती. मला वाटतं ते रडणं त्यांनी राखून ठेवलं होतं.

थोड्या वेळानं त्या उठल्या. बिबड्यांचा डबा काढला. वरच्या बिबड्या बाजूला केल्या आणि तळातून ती काढली. जुनी, घडी घातलेली, गाजरी. कोपऱ्याला हळदकुंकवाचा डाग अजून होता. घडीच्या बाहेरच्या कोऱ्या बाजूवर सरांचं वळणदार अक्षर होतं.

"अक्का," मी म्हटलं, "सर सगळ्या पत्रिका मधोमध कापतात. ही कापलेली नाही. म्हणून तर खोक्यात एवढी फट पडली."

अक्कांनी ती हातात उलटसुलट केली. घाईत नेली तेव्हा त्यांनी आतलं नाव तेवढं पाहिलं असावं, मागचं वाचायचं सुचलंच नसेल. आता चष्मा लावून त्या बाहेरचं अक्षर वाचू लागल्या. वरचा एक इंग्रजी शब्द सोडला तर बाकी मराठीच होतं.

'माशाचं नाव. इंग्रजांकडे या माशासाठी आपला जुना शब्द होता, लॅक्स. फ्रेंच बोलणारे राज्य करायला आले आणि हा शब्द सोबत घेऊन आले. मूळ लॅटिन. उडी मारणारा, असा अर्थ सांगतात, पुरावा नाही. पुढे विशेषण झालं, या कागदाच्या रंगाचं. मासा वरून चंदेरी असतो. हा रंग वरून दिसत नाही, कापल्यावर आत दिसतो.'

अक्कांनी ते दोनदा वाचलं. मग पदरानं तोंड पुसलं, पुरणपोळीचं ताट उचललं, पत्रिका ताटाखाली धरली आणि बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग गेलो.

ताट त्यांनी ललितभाऊपुढे ठेवलं आणि पत्रिका ताटाशेजारी.

"हे घे तुझ्या पप्पांचं कार्ड. ते विसरले नाहीत. मी लपवलं होतं. मागची बाजू वाच."

"अगं, कशाला..." सर उठायला लागले.

"तुम्ही बसा हो. फार झालं तुमचं विसरणं."

ललितभाऊनं घडी उघडली. मी त्याचे डोळे वरून खाली जाताना बघत होते. तारखेवर थांबले, आईच्या नावावर थांबले, मग शेजारच्या नावावर बराच वेळ थांबले. अक्का त्याच्यासमोर उभ्या राहूनच सगळं बोलल्या. मांडव, हळद, तीन तास. काही राखून ठेवलं नाही.

"आणि मग यांनी मला विचारलं," त्या म्हणाल्या. "सगळ्या मांडवासमोर. मला तोपर्यंत कोणी काही विचारलंच नव्हतं."

ललितभाऊनं पत्रिका खाली ठेवली. उठला, आईच्या पायाशी वाकला, तिथेच जरा वेळ राहिला. मग भिंतीशी जाऊन दोन्ही बॅगा उचलल्या आणि आतल्या खोलीत नेऊन ठेवल्या. परत येऊन ताटावर बसला. डोळे लाल होते. "पप्पा, तूप वाढा," एवढंच म्हणाला.

सरांनी तूप वाढलं. थोडं बाहेर सांडलं.

अक्का तशाच उभ्या होत्या. "एक विचारू?" त्या सरांना म्हणाल्या. "माझ्या बहिणीची पत्रिका कापली, तुमच्या सख्ख्या भावाची कापली. हीच का नाही कापली हो?"

सरांनी पत्रिका जवळ ओढली. "कापायला घेतली होती," ते म्हणाले. "पट्टीसुद्धा लावली. बरोबर मधोमध तुझं नाव येत होतं."

लोटननानांनी एकदम पुरणपोळीची स्तुती सुरू केली, जी त्यांनी अजून तोंडात घातलेली नव्हती.

अक्का आत जायला वळल्या, दारातून परत आल्या आणि मला म्हणाल्या, "मोनाली, छाप तू. दोन्ही बाजू छाप." मग जरा थांबून, "फक्त त्या मेल्याचं नाव तेवढं बारीक कर."